साडूंचा गुरुवार

एकट्या माणसाच्या हातून जगात एकही काम धड होत नाही, यावर माझ्या साडूंइतका ठाम विश्वास असलेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे ते यजमान. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे, मूळचे कवठे महांकाळकडचे, आणि सांगलीजवळच्या एका कॉलेजात डॉक्टरकी शिकवणारे. पण घरात कलिंगड कापायचं झालं तरी त्यांना चार माणसं लागतात. एकाने ते वाजवून बघायचं, एकाने कापायचं, एकाने बिया काढायच्या आणि चौथ्याने, म्हणजे बहुधा मी, या तिघांचं कुठे चुकतंय ते सांगायचं. एकदा आम्ही सगळे कोयनानगरला निघालो असताना घाटात गाडी पंक्चर झाली. मी जॅक काढायला वाकलो, तर यांनी मला थांबवून रस्त्याच्या कडेला सगळ्यांची बैठक भरवली. ड्रायव्हर, मी, दोघी बहिणी आणि सतरंजी टाकून पानाचा डबा उघडून बसलेल्या आमच्या सासूबाई. प्रत्येकाने एक तरी सूचना करायचीच, असा हुकूम. मी मनातल्या मनात दातओठ खात होतो. शेवटी सासूबाईंची पाळी आली, तेव्हा पानाला चुना लावता लावता त्या म्हणाल्या, "आवं, गाडी उताराला हाय. चाकाला दगड कोन लावनार?" दगड कुणीच लावला नव्हता. साडूंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की पुढचे चार दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोललो.

हेच वेड त्यांनी कॉलेजातही नेलं होतं. त्यांच्या आवारात डॉक्टरकीचं, नर्सिंगचं, फिजिओथेरपीचं आणि फार्मसीचं अशी चार कॉलेजं भिंतीला भिंत लावून उभी आहेत. पोरं चार-पाच वर्षं शेजारी शेजारी शिकतात, एकमेकांची नावंसुद्धा विचारत नाहीत, आणि मग एक दिवस एकाच खाटेभोवती येऊन उभी राहतात, हे त्यांचं दुःख होतं. म्हणून दर गुरुवारी दुपारी चारी कॉलेजांतली थोडी थोडी पोरं एका वर्गात बसवायची, असं त्यांनी ठरवलं. त्यासाठी दीड वर्ष ते स्कूटरवरून या प्राचार्यांकडून त्या प्राचार्यांकडे फिरत होते. कल्पना सगळ्यांनाच पसंत होती, फक्त गुरुवारची दुपार कुणालाच मोकळी नव्हती. स्टाफरूममध्ये या वर्गाला 'खिचडी' म्हणत. साडूंना त्याचं काही वाटत नसे. खिचडीला नावं ठेवणारा माणूस कधी आजारीच पडलेला नसतो, असं त्यांचं म्हणणं.

वर्गात शिरताना पांढरे कोट दाराशी खुंटीला अडकवायचे आणि आपण कुठल्या कॉलेजचे ते सांगायचं नाही, हा पहिला नियम. तरीही पहिल्या दिवशी पोरं लग्नातल्या वरपक्ष-वधूपक्षासारखी वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसली होती, हे मी स्वतः पाहिलं आहे. कारण त्या वर्गाचा पेशंट मीच होतो. मी साताऱ्यात शाळेवर चित्रकला शिकवत असे, आणि गुरुवारी मला तास नसत. एका स्नेहसंमेलनात मी पडलेल्या सैनिकाचं काम केलं होतं. त्यात वाक्य एकही नव्हतं, पण साडूंना माझं ते निपचित पडणं फार भावलं होतं. तेव्हापासून मला त्यांनी तीनदा अर्धांगवायू, दोनदा दमा आणि एकदा आयाबायांसमोर सांगू नये असा आजार दिला. पहिल्या गुरुवारी मला अर्धांगवायू होता. एकाने मला पडून राहायला सांगितलं, दुसऱ्याने चालायला लावलं, तिसरी म्हणाली गोळी जेवणाआधी, चौथी म्हणाली पोटात काहीतरी असू द्या. शेवटी साडूंनी मला विचारलं, आता घरी जाऊन काय करणार? मी खरं तेच सांगितलं, की बायकोला विचारीन. वर्ग हसला, पण साडू हरखून गेले. "ऐकलं का रं?" ते पोरांना म्हणाले, "खरा इलाज करनारं मानूस घरात हाय, आनि तुमी त्याला वर्गातच घेतलं न्हाई." पुढच्या गुरुवारी माझी बायको माझ्या खाटेशी स्टुलावर बसलेली होती. तिने माझ्याविषयी अशा काही तक्रारी सांगितल्या, की त्यातल्या निम्म्या तर खऱ्याच होत्या.

हळूहळू त्या वर्गात कोणीही येऊ लागलं. वॉर्डात फरशी पुसणाऱ्या मावशींना साडूंनी एकदा फळ्यापाशी उभं केलं. पेशंट जेवला का, हे फाइलीत लिहिलेलं असतं, पण ताट परत जाताना ते भरलेलं होतं की रिकामं, हे मावशींनाच माहीत असतं, हे साडूंनी त्यांच्याच तोंडून वदवून घेतलं. आणि दुसरा नियम असा, की प्रत्येकाने इतरांनी न सांगितलेली एक तरी गोष्ट सांगितल्याशिवाय वर्ग सुटायचा नाही. या नियमापायी माझी साताऱ्याची एस.टी. कितीतरी वेळा चुकली. मी खाटेवर पडल्या पडल्या त्यांना मनसोक्त शिव्या घातल्या आहेत.

आता माझं पाप सांगतो. इतक्या खोट्या आजारांत वावरताना मला एक खरा आजार जडला होता, साखरेचा. मी तो साडूंपासूनच काय, बायकोपासूनही लपवला होता. साडूंना कळलं असतं तर त्यांनी माझ्याभोवती पंधरा माणसं बसवली असती, या भीतीने मी साताऱ्यातच गुपचूप तपासणी केली, महिनाभर गोळ्या घेतल्या, बरं वाटलं तशा सोडून दिल्या. अशी दोन वर्षं गेली.

मग एका गुरुवारी साडूंनी मला छातीतली कळ दिली होती. एका चुणचुणीत मुलाने माझी छाती तपासली, फर्ड्या इंग्रजीत निदान केलं, बाकीच्यांनी त्याला जोड दिली आणि तास वेळेत संपला. पोरांनी पाठीला सॅक लावल्या. मीही खूश, चारची गाडी मिळणार होती. तेवढ्यात साडूंनी बोट केलं. मागच्या बाकावरची एक मुलगी अजून बोललेली नव्हती. म्हसवडजवळच्या एका वाडीतली, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला, हे मला मागाहून कळलं. सगळे तिच्याकडे वळून बघायला लागले तशी ती आणखीच आकसली. साडू खुर्ची ओढून बसले, म्हणजे आता गाडी गेलीच. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "सर, छातीचं समद्यांनी सांगितलं. पन काकांच्या पायाखाली चादर वली हाय."

मी हसून म्हणालो, बाळ, ते आपल्या नाटकात नाही. ती उठून खाटेपाशी आली, माझा उजवा पाय तिने हळूच वर उचलला आणि विचारलं, काका, दुखतंय का? मी म्हणालो, अजिबात नाही. "म्हनूनच म्हनते," ती म्हणाली.

अंगठ्याच्या खाली, तळव्याला, बोट जाईल एवढी जखम होती. आत पू झाला होता. नव्या चपलेचा खिळा वर आलेला होता आणि त्याच्यावरून मी स्टँडपासून कॉलेजपर्यंत चालत आलो होतो. कदाचित आठवडाभर चालत होतो. साखरेने पाय बधिर झालेला, मला काहीच कळलं नव्हतं.

मग जे झालं ते मी पडल्या पडल्या पाहिलं. सॅक खाली आल्या. त्या मुलीने जखम धुवायला घेतली, इंग्रजी बोलणारा मुलगा साखर मोजायचं यंत्र आणायला धावत गेला, फार्मसीच्या मुलीने मला कोणत्या गोळ्या सोडल्या ते इतक्या सरळपणे विचारलं की मी सगळं सांगून टाकलं. फिजिओच्या मुलाने माझी चप्पल हातात घेऊन तो खिळा सगळ्यांना दाखवला, आणि आता हा पाय जमिनीला लागू द्यायचा नाही म्हणून व्हीलचेअर आणली. कोण कुठल्या कॉलेजचं हे कुणी विचारलं नाही. साडू मात्र कुणालाही हुकूम न सोडता भिंतीला टेकून उभे होते. त्यांना असं बाजूला उभं मी कधीच पाहिलं नव्हतं, आणि पायापेक्षा मला त्याचीच भीती वाटली.

तीन आठवडे मी तिथल्याच इस्पितळात होतो. आणखी चार-सहा दिवस गेले असते तर पाय घोट्यापासून काढावा लागला असता, असं सर्जन म्हणाले. दाखल झाल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडू आले, खुर्ची असून उभेच राहिले. "पाव्हणं," ते म्हणाले, "परवा दिवाळीला तुमच्या शेजारी पाटावर बसलो. तुमचा पाय माज्या मांडीला लागत हुता. मला दिसला न्हाई."

मी म्हणालो, दादा, मीच लपवलं होतं ना.

"तुमी लपवलं. पेशंट लपवनारच. बघायचं काम माजं हुतं."

पुढच्या गुरुवारी त्यांनी भर वर्गात हे सगळं स्वतःच्या तोंडाने सांगितलं, आपण घरचा माणूस कसा पाहिला नाही ते, काही न गाळता. मग खडू त्या मुलीच्या हातात दिला आणि स्वतः पहिल्या बाकावर पोरांमध्ये जाऊन बसले. पाय कसा बघायचा ते तिने शिकवलं. तिने म्हणे बोटांच्या बेचक्यांपासून टाचेपर्यंत काही सोडलं नाही. साडूंनी ते वहीत उतरवून घेतलं. ती वही मी पाहिली आहे. हे मला त्यांचं सगळ्यात मोठं काम वाटतं. त्यांची इतकी वर्षं मी जी थट्टा केली, तिची मला ती वही पाहताना लाज वाटली.

आता ते निवृत्त झाले आहेत. त्यांच्या मागे तो वर्ग कधी भरतो, कधी नाही. सांगलीला गेलो की रिवाजाप्रमाणे मी त्यांच्या पाया पडायला वाकतो, पण ते मला खांद्याला धरून खुर्चीत बसवतात आणि माझा पाय स्वतःच्या मांडीवर घेतात. थोरल्या माणसाने असं करावं, याने मी अवघडून जातो. हल्ली त्यांना डोळ्यांनी नीट दिसत नाही. म्हणून ते अंगठ्याने चाचपतात. जखम भरली, तिथे आता घट्टा आहे. त्यावर बोट ठेवून ते विचारतात, "हात लागतोय का, पाव्हणं?" मला तिथे काहीच कळत नाही. लागतोय म्हणावं, असं दर वेळी अगदी ओठांवर येतं, त्यांना तेवढंच बरं वाटेल. पण त्यांच्याशी मी आता खोटं बोलत नाही. मी नाही म्हणतो, आणि ते हात तसाच ठेवून थोडा वेळ बसून राहतात.