विचारायची लाज

मांडव्याहून गेटवेला जाणाऱ्या लाँचमध्ये ती माझ्या शेजारी बसली होती. विशी-बाविशीची, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, मांडीवर आयटीआयच्या सर्टिफिकेटची फाइल. बोलताना तिची बोटं पाना फिरवल्यासारखी हवेतच वळायची. मुंबईत बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये तिची मुलाखत होती.

"मागच्या ठिकाणी पंप जोडायला दिलेला," ती म्हणाली. "एक बोल्ट बसत नव्हता. मी जोर लावला, आटे गेले. नोकरी पण गेली."

"मग कुणाला तरी विचारायचं."

"तेच तर, काकी. हात काळे करायची लाज न्हाय मला. विचारायची वाटते. पोरगी हाय, हिला काय येणार, असं म्हणतील ना."

एवढ्यात लाँचचा वेग मंदावला आणि बाकं थरथरू लागली. मान तिरकी करून तिने आवाज ऐकला, जरा चुळबुळ केली, मग फाइल माझ्याकडे देऊन सरळ मागे इंजिनपाशी गेली.

"दादा, स्लो केल्यावर एवढं का हलतंय?"

दोघे-तिघे हसले. तिच्यापेक्षा मलाच ते जास्त लागलं. इंजिनवाला मात्र झाकण उचलून समजावू लागला आणि ती एकामागून एक विचारतच राहिली.

गेटवे आलं तेव्हा ती परतली. पांढऱ्या बाहीवर ग्रीसचा पट्टा उमटला होता.

"अगं, मुलाखतीला अशी जाणार?"

"जाते की," फाइल घेत ती म्हणाली. "हे काय लागलं म्हणून विचारतील, मग आत्ता काय शिकले ते सांगेन."