रुग्णाचा नकार

नगरपालिकेच्या तलावावर बायकांना पोहायला शिकवणाऱ्या बाईंना सगळ्याजणी शिट्टीबाई म्हणत. "पाण्याला खुशाल घाबरा, फक्त माझ्याहून जास्त नको," असा त्यांचा दम असायचा. पन्नाशीच्या बायकाही त्यांच्या हाताखाली पंधरा दिवसांत तरंगू लागत.

एकदा अंघोळ करताना छातीत वाटाण्याएवढी गाठ हाताला लागली. त्यांनी पहिला फोन थोरल्या बहिणीला, ताईला केला. त्या सहा वर्षांच्या असताना आई अशाच गाठीच्या दुखण्याने गेली होती आणि ताईनेच त्यांना वाढवलं होतं.

तपासणीत कॅन्सर निघाला. ताई म्हणाली, "तू बाहेर बस, डॉक्टरांशी मी बोलते." अर्ध्या तासाने ती बाहेर आली. "पूर्ण स्तन काढावा लागेल. दुसरा इलाज नाही." बाईंनी पुढे आलेल्या कागदांवर न वाचताच सह्या केल्या.

ऑपरेशननंतर डावा हात खांद्याच्या वर जाईना. काठावर उभं राहून तोंडीच शिकवायची वेळ आली. ताई रोज येई, वेणी घालून देई. "ताई नसती तर मी उभी राहिले नसते," असं बाई भेटेल त्याला सांगत.

वर्षाने तपासणीला गेल्या, तर डॉक्टरीण नवी होती. फाइल चाळता चाळता तिने विचारलं, "गाठ इतकी लहान होती. काखेत छोटा छेद देऊन दुर्बिणीने काढली असती, वर किरणोपचार. स्तन राहिला असता. तुम्ही नको का म्हणालात?"

"मी कधी नको म्हटलं?"

तिने फाइल बाईंकडे फिरवली. त्यात लिहिलं होतं: पर्याय समजावला. रुग्णाचा नकार.

"त्यात जिवाला धोका जास्त होता का?"

"तुमच्या बाबतीत नाही. दोन्हींत सारखाच."

बाई तडक ताईकडे गेल्या. ती चादरींच्या घड्या घालत होती. ऐकून तिचे हात थांबले, पण ती नाकबूल झाली नाही.

"आई कशी गेली ते मी पाहिलंय. तू लहान होतीस."

"मला विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर तू छोटंच ऑपरेशन निवडलं असतंस."

"हो. निवडलंच असतं."

"मला तू जिवंत हवी होतीस गं."

"अंग माझं होतं, ताई. तू माझ्या तोंडून नाही म्हणालीस."

ताई रडू लागली. एरवी बाईंनी तिला जवळ घेतलं असतं. त्या दिवशी त्यांनी आपल्या घराची किल्ली तेवढी परत मागितली.

पुढच्या आठवड्यात त्या दवाखान्यात गेल्या. जुनी नोंद खोडता येत नव्हती, म्हणून डॉक्टरिणीने खाली नवी ओळ लिहिली: रुग्णाला विचारलेलं नव्हतं. बाईंनी ती दोनदा वाचली, मग सही केली.

ताईचा फोन अजून येतो. बाई उचलतात, हवापाण्याचं बोलतात. तपासणीची तारीख मात्र सांगत नाहीत.