काकांच्या उघड्या खिडक्या

आमची ताई आर्किटेक्ट झाली आणि पहिलंच घर तिला मिळालं ते काकांचं. घरचं गिऱ्हाईक म्हणून आम्ही सगळे खूश. घरच्या गिऱ्हाइकापासून देव वाचवो, हे नंतर कळलं.

काम हाती घेतल्यावर ताई रिकाम्या प्लॉटवर प्लास्टिकची खुर्ची टाकून दिवसभर बसली. ऊन सरकेल तशी खुर्ची सरकवायची आणि सावलीच्या कडेला चुन्याची रेघ ओढायची. शेजाऱ्यांना वाटलं, पोरीच्या डोक्यावर परिणाम झालाय. पण त्या रेघांवरूनच तिने घर बेतलं. पश्चिमेला जाड भिंत, खिडक्या समोरासमोर, गरम हवा बाहेर पडायला छपराखाली झरोके. या घराला एसी लागणार नाही, असं तिने छातीठोकपणे सांगून टाकलं.

काका निवृत्त हेडमास्तर. घर बांधून झाल्याबरोबर त्यांनी एसी आणून खोक्यासकट बैठकीच्या खोलीत ठेवला.

"पहिल्या उन्हाळ्यात हे खोकं उघडावं लागलं, तर हा नाद सोडायचा आणि त्या मोठ्या कंपनीत रुजू व्हायचं."

कंपनी काचेच्या इमारती बांधायची. नेमणुकीचं पत्र ताईच्या पर्समध्येच होतं. तरी ती हो म्हणाली. हट्टीपणा आमच्या रक्तातच आहे.

उन्हाळा आला आणि घर तापलं. काकूचा फोन आला, "अगं, तुझे काका खोकं उघडायला कात्री शोधतायत." ताईचा चेहरा उतरला. मला स्कूटरवर मागे बसवून ती भर दुपारी तिथे पोचली. पाहतो तर काय, झाडून सगळ्या खिडक्या सताड उघड्या, गरम वारा घरभर, आणि काका घामाघूम होऊन दोन पाहुण्यांना एकेक खिडकी दाखवत फिरतायत.

"काका, दहा वाजता खिडक्या लावून घ्यायच्या, असं सांगितलं होतं ना?"

"लावल्या तर लोकांना दिसणार कशा? पुतणीचं काम आहे, झाकून ठेवू?"

ताईला रागवावं की रडावं कळेना. मला मात्र काकांचा फार लोभ वाटला. ताईने चार दिवस मागून घेतले. दहाला खिडक्या बंद, ऊन उतरलं की उघड्या. राखणीला काकू.

चौथ्या दुपारी गेलो, तर काका बंद खोक्याशेजारी पांघरूण घेऊन घोरत होते. दारावर त्यांच्या वळणदार अक्षरात पाटी होती, 'खिडक्या पाहण्याची वेळ सायंकाळी सहानंतर.' पाटीखाली एक नवरा-बायको प्लॉटचा कागद घेऊन उभे होते.

"हे घर ज्यांनी आखलं, त्या भेटतील का?"

ताईने पर्समधून नेमणुकीचं पत्र काढलं, उलटं केलं आणि पेनचं टोपण उघडलं.

"मीच ती. तुमच्या प्लॉटवर दिवसभर खुर्ची टाकून बसले तर चालेल?"