मांडीची मागची बाजू

बच्छाव सरांनी मला तीन वर्षं रोज पाहिलं, पण समोरून ते मला ओळखत नसत. एकदा कॉलेज रोडला पेरूच्या गाडीवर समोरासमोर गाठ पडली. मी नमस्कार केला तर म्हणाले, "कोण भाऊ?" मी ओशाळून वळलो, दोन पावलं चाललो, तशी मागून हाक आली, "अरे, डावी मांडी! इकडं ये, पेरू खा."

ते आमच्या कंपनीच्या कबड्डी संघाचे फिजिओ. कारखाना अंबडच्या एमआयडीसीत. आम्ही खेळाडू सकाळी मशीनवर आणि चारनंतर मैदानावर. करार अकरा महिन्यांचा, आणि करार खेळाचा. पाय गेला की मशीनही गेलं. मी गोंदियाकडचा, नववीतच शाळा सोडलेला. चढाई सोडून मला जगातलं दुसरं काही येत नव्हतं, त्यामुळे रोज सकाळी डोळे उघडायच्या आधी मी पाय हलवून बघायचो.

आमच्या संघात कुणाचीही हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागची शीर, कधीच फाटली नाही. मांडीमागे दगड बसल्यासारखी कळ यायची, माणूस बोनस रेषेवर कोसळायचा, आणि उठून म्हणायचा, "काही नाही, गोळा आला." फाटलं म्हणणाऱ्याला पुढच्या सामन्यात घेत नसत. गोळा आलेल्याला केळं मिळायचं. सर कंबरेवर हात ठेवून म्हणायचे, "बारा पोरं, बाराच्या बारांना गोळे. हा संघ हाय का बर्फगोळ्याची गाडी?"

ते नामपूरचे. बोलणं आमच्यासारखंच, पण डोकं फिरलं की अहिराणी सुटायची. शिफ्ट करून, न झोपता, अंग न मोकळं करता कुणी मैदानात उतरलं की ओरडत, "तुना डोकामा काही शे का?" मांडी मजबूत व्हावी म्हणून त्यांचा एक व्यायाम होता. गुडघ्यांवर बसायचं, मागून एकानं घोटे दाबून धरायचे आणि झाड पडल्यासारखं सावकाश, स्वतःला रोखत पुढे जायचं. आम्ही त्याला दंडवत म्हणायचो. दुसऱ्या दिवशी संडासात बसताना देव आठवायचा. कुणी कुरकुर केली की सर म्हणत, "देवाला वर्षातून एकदा घातला तरी चालतो. मांडीला आठवड्यातून तीनदा लागतो. मांडी देवापेक्षा कडक हाय."

आणखी एक वाक्य ते येताजाता ऐकवायचे. "पहिलं फाटणं नशिबाचं, दुसरं गाढवपणाचं, तिसरं साहेबांचं."

माझं पहिलं घोटीच्या स्पर्धेत झालं. गोळा म्हणालो, केळं खाल्लं, आठ दिवसांनी खेळलो. दुसरं सरावात झालं तेव्हा सरांनी मला पालथं झोपवलं आणि अंगठा फिरवला.

"याआधी कधी?"

"पहिल्यांदाच, सर."

"मग ही गाठ काय आईनं डब्यात दिली?"

त्यांनी ओरडायला हवं होतं, पण ते खालच्या आवाजात म्हणाले, "जिथं एकदा फाटतं तिथंच पुन्हा फाटतं. तू मला फसवशील, साहेबाला फसवशील. मांडीला कसं फसवशील?" आणि कागदावर सहा आठवडे विश्रांती लिहिली.

तीन आठवड्यांनी कंपन्यांची स्पर्धा होती. मॅनेजर साहेब मैदानावर आले. "चालतोय की हा," ते म्हणाले. सर म्हणाले, "चालणाराच पाहिजे असंल तर पोस्टमन घ्या, साहेब." साहेबांनी त्यांना वगळून थेट मला विचारलं, "काय रे, खेळशील ना?"

सर माझ्याकडे बघत होते. त्या दिवशी प्रथमच समोरून. मी म्हणालो, "हो साहेब."

उपांत्य सामन्याच्या चौथ्या चढाईत तिसरं झालं. या वेळी आवाज मलाही ऐकू आला. सरांनी मला खांद्यावर घेऊन बाहेर आणलं. ते वाक्य काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

माझा करार महिन्यानं संपत होता. साहेबांनी निरोप धाडला की लंगडा खेळाडू पोसायला हा पांजरपोळ नाही. घरी मी फोनवर सांगायचो, सगळं मस्त आहे. मग कंपनीचा क्रीडादिन आला. त्यात अधिकाऱ्यांची शंभर मीटर शर्यत असते. साहेब पन्नाशीला टेकलेले, वर्षभर खुर्चीतले, बूट त्याच सकाळी खोक्यातून काढलेले. सर म्हणाले, "साहेब, आधी थोडं अंग मोकळं करा." साहेब हसले. साठाव्या मीटरला त्यांनी मांडी धरली आणि आडवे झाले. सगळा कारखाना जमला. साहेब दात आवळून म्हणाले, "काही नाही, गोळा आला."

मी केळं आणायला निघालो होतो. सरांनी डोळे वटारले.

तीन आठवड्यांनी कराराचं सांगायला साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांचा पाय स्टुलावर होता, सर बर्फ बांधत होते. साहेब माझा कागद बाजूला सारणार, तेवढ्यात सर म्हणाले, "साहेब, तीन आठवडे झाले. काल तुम्ही गाडीपर्यंत चालत गेलात. आज मैदानाला एक चक्कर मारू. पळत."

"वेडे आहात का? अजून दुखतंय."

"ह्याचंबी दुखत होतं. तुम्ही विचारलं तेव्हा तो हो म्हणाला, कारण त्याला नाय म्हणायची सोय नव्हती. तुमची हाय, म्हणून तुमचा पाय स्टुलावर हाय."

साहेबांनी सही केली: हा हंगाम फक्त मशीनवर, मैदान बच्छाव म्हणतील तेव्हा. बाहेर आल्यावर मी आभार मानायला लागलो तर सर खेकसले, "चूप. तीन महिने कमरेतून वाकायचं नाय. घोटे दाबायला माणूस बघ, दंडवत चालू करायचेत."

सरांचाही करार अकरा महिन्यांचाच होता, हे मला दोन महिन्यांनी कळलं. त्यांचा संपला आणि कुणी सही केली नाही. खेळाडूंच्या सोयीसाठी कंपनीनं व्यायामाचे व्हिडिओ मोबाईलवर पाठवायला सुरुवात केली. त्यातला माणूस फार गोरा आहे आणि कधीच रागावत नाही. संघात सध्या चौघांना गोळा आलाय.

मी मशीनवर आहे. ही ओळ लिहिताना अजूनही लाकडाला हात लावतो.

सर नामपूरला निघाले त्या दिवशी मी अर्धी सुट्टी काढून स्टँडवर गेलो. सटाण्याची गाडी लागली होती, तिथून पुढं नामपूर. पाया पडावं म्हणून खाली वाकलो, तर त्यांनी खांदे धरून मला वरच्या वर थांबवलं.

"वाकू नको," सर म्हणाले. "अजून पंधरा दिवस हायेत."