डबा रिकामा परत करू नये

आमच्या घरातली सतरा भांडी फिनलंडच्या एका बाईंकडे जाऊन पडली, याला जबाबदार मी आहे.

हे आधीच कबूल केलेलं बरं, म्हणजे पुढे कोणी आईला नावं ठेवायला नको. आईचा यात दोष नाही. लीनाताईंचा तर नाहीच. दोष माझ्या इंग्रजीचा आणि त्याहून जास्त माझ्या स्वभावाचा. समोरच्याला वाईट वाटेल असं काही बोलायची वेळ आली की माझी जीभ टाळूला चिकटते आणि तोंडातून आपोआप "व्हेरी नाइस" बाहेर पडतं.

आम्ही मूळचे यवतमाळकडचे. बाबांना खडकीला फॅक्टरीत फिटरची नोकरी लागली म्हणून चार वर्षांपूर्वी पुण्यात आलो आणि विश्रांतवाडीत भाड्यानं राहू लागलो. मी इंजिनिअरिंगला आहे. आईच्या आणि बाबांच्या दोन्ही घराण्यांत कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळे जगातलं सगळं इंग्रजी मला येतं अशी घरच्यांची समजूत आहे. (औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं, गिझरच्या खोक्यावरच्या सूचना, सगळं माझ्याकडे येतं. मी वाचतो आणि अंदाजानं सांगतो. गिझर अजून फुटलेला नाही.)

आईला मात्र पुण्यात एकही मैत्रीण मिळाली नव्हती. आल्या आल्या तिनं तळमजल्यावर साठेकाकांकडे सांबारवडीचा डबा पाठवला होता. सांबारवडी म्हणजे कोथिंबिरीचं सारण भरून तळलेली वडी, आमच्याकडची. साठेकाकांनी दार अर्धं उघडलं, "आमची जेवणं झालीत" म्हणाले आणि दार लावलं. तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते. त्यानंतर आईनं डबा कुठेच पाठवला नाही.

मग काही महिन्यांपूर्वी समोरच्या फ्लॅटमध्ये लीनाताई आल्या. वय पन्नाशीचं, फिनलंडहून खराडीला एका कंपनीत दोन वर्षांसाठी बोलावलेल्या. एकट्या. फार लाजऱ्या. जिन्यात कोणी दिसलं की भिंतीला पाठ लावून आपल्याला वाट देत, जणू आपण हत्तीवरून चाललोय. पण त्यांचं नाव लीना आहे हे कळल्यावर आईला काय आनंद झाला!

"आपल्याच नावाची हाय ना रे," आई म्हणाली. "माह्या मामेबहिणीचं नाव लीना."

त्याच दिवशी आईनं चार वर्षांनी पहिल्यांदा डबा भरला. लीनाताईंनी दार पूर्ण उघडलं, डबा दोन्ही हातांनी घेतला आणि दहा मिनिटांत परत आल्या. तोंड लालबुंद, डोळ्यांत पाणी, पण अंगठा वर. वड्या संपल्या होत्या. डबा स्वच्छ घासून, पुसून, कोरडा करून त्यांनी आईच्या हातात दिला.

रिकामा.

आईचा चेहरा क्षणभर उतरला. तिनं हसून डबा घेतला, आत नेला आणि स्वतःच त्यात चिमूटभर साखर टाकून ठेवला. झालं, विषय संपला होता. पण लीनाताईंनी तो उतरलेला चेहरा पाहिला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला जिन्यात गाठलं आणि हळू आवाजात विचारलं, माझं काही चुकलं का?

मला सांगायचं इतकंच होतं की शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत, काहीतरी घालायचं, अगदी चार दाणे साखर चालते. पण त्यातला 'अगदी चार दाणे साखर चालते' हा भाग इंग्रजीत जुळवताना माझी दमछाक झाली, म्हणून मी तो सोडून दिला. उरलेलं दोन वाक्यांत सांगितलं. "इन अवर कल्चर, नो एम्प्टी डबा. एम्प्टी मीन्स रिलेशन ओव्हर."

लीनाताईंनी खिशातून छोटी वही काढली आणि ते लिहून घेतलं.

पुढच्या रविवारी आईनं झुणका पाठवला. संध्याकाळी लीनाताई दारात हजर. त्यांनी स्वतःच्या छोट्या ओव्हनमध्ये राय नावाच्या त्यांच्याकडच्या धान्याचा पाव भाजला होता. पाव आईच्या डब्यात मावेना, म्हणून तो त्यांच्या काचेच्या भांड्यात होता, आणि आईच्या डब्यात बिस्किटं होती. पाव काळा, गोल आणि अत्यंत टणक होता. बाबांनी आधी सुरी घेतली, मग विळी, मग ते शांतपणे हत्यारांच्या पेटीकडे गेले.

"करवत नको," आई म्हणाली. "देवानं दात दिले हायेत."

"दात माहे हायेत," बाबा म्हणाले.

पाव कसाबसा संपला. आता काचेचं भांडं आमच्याकडे उरलं. ते रिकामं कसं देणार? आईनं त्यात डाळीच्या पिठाचे गोळे घातलेला गोळाभात भरला. गोळाभातावर फोडणीचं तेल हवं, म्हणून वेगळी वाटी. तेलाची वाटी सांडू नये म्हणून खाली ताटली. काच गेली, पण वाटी आणि ताटली तिकडे राहिली. लीनाताईंनी वाटीत जॅम भरला, ताटलीत केक ठेवला, आणि केकवर माश्या बसू नयेत म्हणून वर स्वतःचं झाकण घातलं. आता झाकण आमच्याकडे.

झाकणावर काय देणार, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. आईला पडला नाही. तिनं झाकण उलटं केलं आणि त्यात चिवडा भरला.

अशा रीतीनं दोन महिन्यांत गोष्ट हाताबाहेर गेली. प्रत्येक भांडं परत जाताना सोबत एक नवीन भांडं घेऊन जाई. ते घेऊन जाणारा मी. एका हातात मोबाइल, एका हातात डबा, काखेत पुस्तक. साठेकाका जिन्यात भेटले की चष्म्यावरून बघत.

"काय हो इंजिनिअर, बोहारणीचा धंदा कधीपासून?"

"नाही काका, ते जरा समोर..."

"मग आमच्याकडे एक जुनी पँट आहे. काय मिळेल त्यावर?"

बोहारीण निदान जुने कपडे घेऊन निघून तरी जाते. इथे कोणी थांबतच नव्हतं. एकदा लीनाताईंनी काळ्या चौकोनी गोळ्या पाठवल्या, त्यांच्या देशातली खास मिठाई. बाबांनी पाचक समजून जेवणानंतर दोन एकदम तोंडात टाकल्या. त्यांचा चेहरा हळूहळू वाकडा होत गेला, पण गोळ्या त्यांनी थुंकल्या नाहीत. शेजारणीचा मान होता.

"हा नवसागर हाय," ते शेवटी म्हणाले. "यानं भांड्याले कल्हई करतेत."

मी मोबाइलवर शोधून पाहिलं. खरंच नवसागरच होता. बाबांना दिवसभर आपल्या आतड्याला कल्हई झाल्यासारखं वाटत होतं.

आईचे गुडघे दुखायला लागले. गॅस महिना पुरेना. घरात पाहुणे आले तर सहा जणांत दोन वाट्या. एके दिवशी ती पाटावर टेकली आणि म्हणाली, "मंगेश, तिले सांग ना रे, आता पुरे म्हणावं. खूप केलं तिनं. पण पाह्य, वाईट वाटलं नाही पाहिजे."

मी आरशासमोर तीनदा वाक्य म्हणून पाहिलं आणि बेल वाजवली. लीनाताईंनी दार उघडलं. केसांत पीठ, कपाळावर घाम, मागे ओव्हन धुमसतोय. ऑफिसातून येऊन त्या थेट कणीक मळायला लागल्या असाव्यात. मी तोंड उघडलं. "माय मदर सेज..." म्हणालो. त्यांनी अशा धास्तीनं पाहिलं की पुढचं वाक्य विरून गेलं. "...व्हेरी नाइस."

त्यांनी सुस्कारा टाकला. मग इकडेतिकडे बघून म्हणाल्या, तुझ्या आईला एक सांगशील का? मी माझ्या देशात एवढा स्वयंपाक कधीच केला नाही. मला इतकं जमत नाहीये. पण तिला दुखवू नकोस.

बघा, किती सोपं होतं! दोघींना एकच गोष्ट हवी होती आणि मधे दोघींच्या भाषा येणारा एक सुशिक्षित माणूस होता. मी म्हणालो, "येस येस, आय विल टेल." घरी आलो.

"काय म्हणाली?" आईनं विचारलं.

तिचा चेहरा इतका काळजीत होता की मी म्हणालो, "तुझ्या हातचं फार आवडतं म्हणाली."

आई उठली. कढई गॅसवर ठेवली. तिच्या गुडघ्यांचा आवाज मला बाहेरच्या खोलीत ऐकू आला.

पुढच्या आठवड्यात लीनाताईंकडचा डबा आला, त्यात टोक केलेल्या आठ पेन्सिली होत्या. त्यांच्याकडचं पीठ संपलं असावं. आईनं पेन्सिली देवापुढे ठेवल्या, माझ्या परीक्षेसाठी.

आणि मग एका शनिवारी साठेकाकांनी मला खाली अडवलं.

"तुमच्या लीनाबाई चालल्या. खराडीला घर बघतायत. सकाळी एजंट येऊन गेला." आणि वर म्हणाले, "पळून चालल्यात, असं माझं वैयक्तिक मत."

मी वर येऊन आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. निवडतच राहिली, पण चांगली पानं टाकून द्यायला लागली आणि काड्या ठेवायला लागली.

"माह्यामुळं का रे?" तिनं विचारलं. "म्या लय केलं का?"

मी चांगली पानं उचलून परत ताटात ठेवू लागलो.

"चार वर्षांत एक बाई दार पूर्ण उघडून उभी राहिली," आई म्हणाली. "तिलेही म्या पळवलं."

आता मात्र मला राहवेना. मी सगळं सांगितलं. रिलेशन ओव्हर, आरशासमोरचं वाक्य, व्हेरी नाइस, लीनाताईंनी दिलेला निरोप, मी फिरवलेला निरोप, सगळं. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की गेल्या तीन महिन्यांत दोन्ही घरांत मी एकही खरं वाक्य पोहोचवलेलं नाही. पोहोचवली ती फक्त भांडी.

"फी किती भरतो रे आपण तुह्या कॉलेजची?" आईनं एवढंच विचारलं. उत्तराची वाट न बघता ती उठली.

तिनं लीनाताईंची सगळी भांडी ओट्यावर काढली. काचेची, प्लॅस्टिकची, झाकणं, एक लाकडी ट्रे. अकरा निघाली. सगळी घासली, पुसली आणि पाटीत रचली. मी सवयीनं साखरेचा डबा पुढे केला.

"ठेव तो," आई म्हणाली.

"आई, रिकामी नेणार?"

"रिकामीच."

माझ्या आईनं जन्मात कोणाचं भांडं रिकामं परत केलेलं नव्हतं. तिच्या सासूशी अबोला होता तेव्हासुद्धा लोणच्याच्या बरणीत शेंगदाणे गेले होते. पाटी उचलून ती निघाली. मी मागून निघालो.

"मी येऊ ना? बोलायला?"

"तू फक्त बेल वाजव. तोंड उघडू नको."

लीनाताईंनी दार उघडलं. पाटी पाहून त्या आधीच दमल्या. आईनं वरचं भांडं उचललं आणि त्यांच्यासमोर उलटं केलं. काही पडलं नाही. दुसरं उलटं केलं. तिसरं. लीनाताईंचा चेहरा पांढरा पडत गेला. रिकामं म्हणजे काय ते त्यांनी वहीत लिहून ठेवलं होतं ना! सगळी अकरा उलटी करून झाल्यावर आईनं पाटी खाली ठेवली, त्यांचा पिठानं भरलेला हात धरला आणि म्हणाली, "थकली ना बाई तू? मीही थकली. पाह्य माहे गुडघे." आणि तिनं स्वतःच्या गुडघ्यावर हात मारून "आई गं" केलं.

लीनाताईंनी आपला खांदा धरला, कणीक मळल्यासारखं केलं आणि तोंड वाकडं करून दाखवलं. मग त्या आत गेल्या. आमचे डबे, वाट्या, ताटल्या, पातेली, सतरा भांडी तीन खेपांत बाहेर आणली आणि एकेक करून उलटी केली. शेवटची वाटी उलटी होईपर्यंत दोघी भिंतीला टेकून हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. मधे मी तोंड न उघडता उभा.

घराचा उलगडा नंतर झाला. लीनाताई पळून चाललेल्या नव्हत्या. इथल्या ओट्यावर एकच ओव्हन मावत होता, आणि आईच्या वेगाशी बरोबरी करायला त्यांना दोन लागणार होते. संबंध तुटू नये म्हणून त्या मोठं स्वयंपाकघर बघत होत्या. खराडीत! एजंटला नकार कळवायचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं नाही, स्वतःच फोन केला.

आता त्या रविवारी सकाळी आमच्याकडे येतात. काही आणत नाहीत, काही नेत नाहीत. पोहे खातात. आई वऱ्हाडीत बोलते, त्या इंग्रजीत बोलतात, आणि दोघींना सगळं समजतं. दुभाष्याचं पद रद्द झालं आहे.

परवा मी त्यांच्यासमोर कॉलेजात होणाऱ्या नोकरीच्या मुलाखतीची तयारी करत होतो, मोठ्यानं इंग्रजीत. लीनाताईंनी भुवया उंचावून आईकडे पाहिलं. आईनं माझ्या डोक्याकडे बोट दाखवलं, मग ओट्यावरचा डबा उचलला आणि सावकाश उलटा केला.

काही पडलं नाही. मला दोन्ही भाषा येतात, पण भाषांतराची गरज पडली नाही.