आईच्या उजव्या गालाचा फोटो

माझ्या भावाने आईचा चेहरा स्टुडिओत धुवायला टाकला आणि तो अगदी स्वच्छ धुऊन आला. एक वण म्हणून शिल्लक नाही. लहानपणी आईला देवी आल्या होत्या. दोन्ही गालांवर, त्यातही उजव्यावर जास्त, खोलगट वण राहिले होते. मी लहान असताना तिच्या मांडीवर पडून त्या खळग्यांत बोट घालायची आणि ती माझ्या हातावर चापट मारायची. स्टुडिओवाल्याने ते सगळे खळगे कॉम्प्युटरवर बुजवले. वर दुसऱ्याच कुणाची तरी जरीची साडी तिला नेसवली, कपाळावर लालभडक कुंकू लावलं आणि मागे निळं आभाळ सोडून दिलं. मांडीवर ठेवलेले ते गोरे, मऊ हात कुणाचे होते देव जाणे. आमच्या आईची बोटं झेंडू खुडून खुडून काळीहिरवी झालेली असायची, ती सणासुदीलाही उजळायची नाहीत.

भाऊ मळ्यात राहतो, मी लग्नानंतर गंगापूर रोडला. आईच्या वर्षश्राद्धाला भिंतीवर लावायला म्हणून त्याने हा फोटो फ्रेम करून आणला आणि मला कौतुकाने दाखवायला बोलावलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, ही आपली आई नाही. तो म्हणाला, लोकांना आवडलाय. आईचे फोटो होते तरी किती, एक रेशन कार्डावरचा आणि एक माझ्या लग्नातला, त्यात ती कडेला अर्धी कापली गेलेली. त्याच अर्ध्या चेहऱ्यावर स्टुडिओवाल्याने ही कारागिरी केली होती.

मी साध्या काळ्या-पांढऱ्या फोटोचा विषय काढल्यावर भाऊ माझ्याकडे अडाण्याकडे पाहावं तसं पाहायला लागला.

"सवाष्ण गेली ती," तो म्हणाला. "काळ्या-पांढऱ्यात कुंकू काळं दिसतं. सवाष्णीच्या कपाळाला काळा टिळा लावून भिंतीवर टांगू का मी?"

यावर वहिनीने मान डोलावली. म्हणजे कपाळावरचं कुंकू खरं हवं, त्याखालचा चेहरा खोटा असला तरी चालेल. मी बरंच बोलले. माहेरच्या श्राद्धात लेकीने किती बोलावं, असं वहिनी स्वयंपाकघरातून भांड्यांना ऐकवत होती, तेही मी ऐकलं. मी चप्पल घालून निघाले तेव्हा नाना, म्हणजे आमचे वडील, माझ्यामागे गेटपर्यंत आले. त्यांनी सोबत आणलेला दाढीच्या सामानाचा जुना पत्र्याचा डबा उघडला आणि त्यातून कागदात गुंडाळलेली एक निगेटिव्ह काढून माझ्या हातात ठेवली. एवढंच म्हणाले, "बघ, जमलं तर."

नाना एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरीला होते. मळा आईच बघायची. त्यांच्या तिथला एक इंजिनिअर बदली होऊन जाताना त्याचा कॅमेरा नानांना देऊन गेला होता, हे मला माहीत होतं. त्या कॅमेऱ्याने त्यांनी बैल, मोटार, विहीर आणि आम्ही भावंडं असे दोन-चार रोल काढले, पुढे रोल महाग झाले आणि कॅमेरा माळ्यावर गेला. आईचा असा काही फोटो आहे, हे मी कधीच ऐकलं नव्हतं. घरी येऊन खिडकीच्या काचेवर निगेटिव्ह धरली. उलट्या काळ्या-पांढऱ्यातही ती ओळखू आली. डोक्यावर फुलांची पाटी, ती धरायला दोन्ही हात वर, पदर खांद्यावर घसरलेला आणि ती कॅमेऱ्याकडे वळून काहीतरी ओरडते आहे. ऊन तिरपं उजव्या गालावर.

कॉलेज रोडच्या एका लॅबमध्ये ती निगेटिव्ह स्कॅन करून सीडीवर घेतली. तिथल्या माणसाने एक प्रिंटही काढून दिली. रंगीत फोटोंच्या कागदावर काढल्यामुळे आई चहात बुडवून काढल्यासारखी तपकिरी झाली होती. मी तक्रार केली तर म्हणाला, मॅडम, ब्लॅक अँड व्हाइट कोण काढतं आता? आणि पडद्यावर तिचा गाल मोठा करून म्हणाला, हे डाग काढून टाकू का, दोन मिनिटांचं काम आहे. मी सीडी उचलली आणि बाहेर पडले. या गावातल्या प्रत्येक फोटोवाल्याचे हात आमच्या आईचा गाल पुसायला शिवशिवत होते.

घरात एक इंकजेट प्रिंटर होता. नवऱ्याने ऑफिसच्या कामासाठी घेतलेला आणि मुलाच्या प्रोजेक्टसाठी वापरलेला. मी शाळेत चित्रकला शिकवते, मला कागद आणि रंग कळतात, तेव्हा हे यंत्र काय मोठं, असं मला वाटलं. पहिली प्रिंट निघाली ती हिरवी. हिरवी म्हणजे पानासारखी नव्हे, शेवाळ धरलेल्या टाकीसारखी. या प्रिंटरला करडा रंग माहीतच नसतो. तो निळा, गुलाबी आणि पिवळा एकमेकांत मिसळून करड्याचं सोंग आणतो आणि त्यातला एक जरी जास्त पडला की सोंग उघडं पडतं. मी हिरवा कमी केला. ट्यूबलाइटखाली प्रिंट छान करडी दिसली म्हणून आनंदाने बाल्कनीत नेली, तर उन्हात आई जांभळी. आत आणली की बरी, बाहेर नेली की जांभळी. नवरा म्हणाला, फोटो भिंतीवर लावायचा आहे ना, मग उन्हात कशाला नेतेस? त्याला मी जे बोलले ते इथे लिहीत नाही.

मग नुसत्या काळ्या शाईवर छापायचं ठरवलं. दुकानातून आणलेल्या चकचकीत फोटो पेपरवर ती काळी शाई बसेचना. दुसऱ्या दिवशीही बोट लावलं की आईचं कपाळ बोटाला यायचं. त्यात शाई पुन्हा भरून घेतलेली. भरून देणाऱ्याने काळी म्हणून काय ओतलं होतं कुणास ठाऊक, ती वाळली की चॉकलेटी व्हायची. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. त्या वर्षी लोडशेडिंगला ताळतंत्र राहिलं नव्हतं. प्रिंट गळ्यापर्यंत यायची आणि वीज जायची. परत आली की यंत्र अर्धा कागद थुंकून मोकळं. ज्या माणसाने आयुष्यभर पाळ्या करून या शहराला वीज दिली, त्याच्या बायकोचा फोटो विजेअभावी अर्धा राहावा, याचा मला इतका संताप यायचा की मी एकटीच त्या प्रिंटरशी भांडायची.

पण मी हट्टाला पेटले होते. खरी, कंपनीची काळी शाई आणली. चकचकीत कागद फेकून जाड मॅट कागद आणला. त्यावर काळी शाई मुरते, पसरत नाही. प्रिंटरला कागद कोणता ते नीट सांगितलं, कारण साधा म्हटलं की तो बादलीने शाई ओततो. सर्वांत सावकाश छापायला लावलं. तरीही उजव्या गालाचा सावलीकडचा भाग नुसता डांबर होत होता. वण पडद्यावर दिसत होते, कागदावर नाहीत. म्हणजे स्टुडिओवाल्याने ते उजळून बुजवले आणि माझं यंत्र काळोखात बुजवत होतं. फरक काय पडला?

शेवटी कामाला आली ती शाळाच. पाचवीच्या मुलांना मी एक पट्टी भरायला लावते, पेन्सिलीने पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत, प्रत्येक चौकोन आधीच्यापेक्षा थोडा गडद. तशीच पट्टी कॉम्प्युटरवर करून मी छापली. गडद टोकाचे चौकोन एकमेकांत मिसळून गेले होते, कुठला कुठे संपतो ते कळत नव्हतं. आईच्या गालाची सावली नेमकी तिथेच पडत होती. मग मी पट्टीतला प्रत्येक चौकोन वेगळा दिसेपर्यंत गडद भाग थोडा थोडा उजळत नेला आणि जमलेलं माप फोटोला लावलं. पडद्यावर फोटो फिकट, अगदी बेचव दिसायला लागला. छापला आणि कागदावर आई उभी राहिली. ट्यूबखाली काळी-पांढरी, उन्हात काळी-पांढरी. पाटीतल्या झेंडूच्या पाकळ्या मोजता आल्या असत्या. आणि उजव्या गालावर एकेक वण, आपापली सावली घेऊन. मी रडले, आणि रडताना प्रिंटवर थेंब पडू नये म्हणून मान वळवून रडले.

वर्षश्राद्धाच्या दिवशी प्रिंट फ्रेम करून मळ्यात नेली. सकाळी गोदावरीवरचे विधी उरकून मंडळी घरी आली होती. हॉलमध्ये चौरंगावर तो जरीच्या साडीचा फोटो मांडला होता. मी सरळ जाऊन त्याच्या शेजारी माझी फ्रेम ठेवली. भावाने चारचौघांत ती फ्रेम उचलून नानांकडे दिली आणि म्हणाला, तुम्हीच सांगा हिला. मला वाटलं होतं, नाना आता भावाला गप्प करतील. निगेटिव्ह त्यांनीच दिली होती.

नानांनी फ्रेम घेतली आणि ते मागच्या पडवीत निघून गेले. मी त्यांच्यामागे गेले. ते उजेडाकडे तोंड करून बसले होते, फ्रेम मांडीवर.

मी म्हटलं, चला, हीच लावू. ते म्हणाले, नको. मी चिडून विचारलं, मग मला एवढे दिवस कशाला राबवलंत?

ते म्हणाले, "भिंतीवर नको. तिला नाय चालायचं. याची पहिली कॉपी आली तवाच तिनं चुलीत घातली व्हती. निगेटिव्ह मी लपवून ठेवली म्हणून राह्यली."

मला काही कळेना. त्यांनी हळूहळू सांगितलं. नाना आईला बघायला गेले तेव्हा तिच्या माणसांनी तिला खिडकीकडे डावा गाल करून बसवलं होतं. लग्नानंतर सासूने पहिल्यांदा पाहिलं आणि फसवलं म्हणून घर डोक्यावर घेतलं. त्या दिवसापासून नानांसमोर आईचा पदर उजव्या गालावरून ओढलेला. शेतात, जेवायला वाढताना, दुखण्यात अंथरुणावर पडल्यावरसुद्धा. मला तो पदर आठवतो. तो मोठ्यांचा मान म्हणून असतो, असं मी समजत होते. आम्हा मुलांपुढे ती उघड्या गालाने वावरायची, नाना आले की पदर पुढे यायचा. तिचे दोन्ही हात पाटीला गुंतलेले पाहून त्यांनी एकदा फोटो काढला, आणि ती जे ओरडते आहे ते त्यांनाच ओरडते आहे.

"मी तिला लय वेळा सांगितलं, मला काय नाय वाटत," नाना म्हणाले. "तिला पटलंच नाय."

मग त्यांनी फ्रेम डोळ्यांजवळ नेली. गालाजवळ काचेवरून अंगठा फिरवत म्हणाले, "उजेडात हा गाल मी नीट असा आज बघतोय."

हॉलमध्ये त्या पुसलेल्या तोंडाला हार घातला जात होता आणि भाऊ मला हाका मारत होता. मला आता त्याचा राग नव्हता, स्टुडिओवाल्याचाही नव्हता. तिला खिडकीकडे वळवून बसवणाऱ्यांचा होता, तिला बघून घर डोक्यावर घेणाऱ्या माझ्या आजीचा होता, आणि त्यांतलं कुणीच आता राग काढायला जिवंत नव्हतं. मेलेल्यांवर चिडून काय उपयोग, असं सगळे म्हणतात. मी त्या पडवीत नानांशेजारी बसून त्या मेलेल्यांवरच चिडले, आणि अजून चिडलेलीच आहे.