मागचं फाटक

"तुमच्या लोकांस्नी टाकी कशाला लागती रं? डबा घ्या न् रुळाकडं जावा. सवय हाय की."

माझ्याच परसात उभं राहून अण्णा हे बोलले. नगरपालिकेचे साहेब जागा बघायला आले होते. ते हसले. त्यांचा शिपाई हसला. माझी बायको पोटुशी, दारात उभी. तिनं पदर तोंडावर ओढला.

मी आटपाडीचा. शाळा अर्ध्यात सुटली, पोटासाठी मिरजेला आलो. अण्णांनी शब्द टाकला म्हणून दवाखान्याच्या धोबीखान्यात लागलो. त्यांच्या बंगल्यामागची चिंचोळी जागा घेतली. उपकाराचं ओझं एवढं, की अण्णा दिसले की मी पायातली चप्पल काढायचो. बापानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर गावात वाकणं सोडलं होतं. मी इथं येऊन परत वाकलो.

पावसात आमच्या संडासाची टाकी ढासळली. नवी बांधायची तर शेजाऱ्याच्या हद्दीपासून अंतर सोडा, असा नियम. अंतर सोडलं तर माझ्या जागेत खड्डाच मावत नव्हता. सूट मिळत होती, फक्त शेजाऱ्याची हरकत नको. शेजारी अण्णा, म्हणून मी निर्धास्त होतो.

अण्णांची हरकत काय, तर वास येईल. त्यांची स्वतःची टाकी माझ्या भिंतीला चिकटून. सूट घेऊनच बांधलेली. ती भरली की उपसलेली सगळी घाण बादल्यांनी माझ्या परसातून, मागच्या फाटकानं बोळात जायची. कारण त्यांच्या पुढच्या दारी तुळस. दरसाल फाटक मी उघडायचो. नंतर परस बायको धुवायची.

साहेब म्हणाले, शेजारी नको म्हणतोय, मग सूट नाही. गेले.

अण्णांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "राग मानू नगं गड्या. आमची टाकी भरलीया. पोरीला बघाय पाव्हणं येणार हायती. उद्या उपसणारी येतील, फाटक उघडं ठेव."

सवयीनं 'व्हय' तोंडात आलं होतं. बायकोकडं बघितलं. तिनं डबा उचलला होता. रुळाकडं निघाली होती.

"न्हाई उघडायचं," मी म्हणालो. "तुमच्या दारातनं न्या. तुळशीपासनं."

"नोकरी कुणी लावली, इसरलास?"

"न्हाई. म्हणून तर आजवर धूत आलो."

नोकरी गेली तर खायचं काय, हे डोक्यातून जात नव्हतं. तरी दुसऱ्या दिवशी बंगल्यासमोर रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. चप्पल पायात. अण्णांच्या पुढच्या दारातून एकेक भरली बादली निघाली. तुळशीपुढं सांडलं. अण्णा नाकाला धोतराचा सोगा लावून उभे. मी पोटभर बघितलं. लय बरं वाटलं. लपवत नाही.

सूट अजून मिळालेली नाही. मी परत अर्ज टाकलाय, परत टाकीन. टाकीसाठी आणलेल्या विटा फाटकाला आतून रचून ठेवल्यात. माझी टाकी बांधायला घेईन तवाच त्या हलतील. तोवर अण्णांचं अण्णांच्या दारातनं जाईल. दरसाल. आणि मी समोर उभा असेन.